डीआरएस आहे, स्निको आहे, मग सगळेच निर्णय मशीनकडे का देत नाहीत?

प्रश्न असा आहे की आता डीआरएस, म्हणजे अंपायरचा निर्णय रिव्ह्यू घेऊन तपासायची पद्धत आहे, बॉल ट्रॅकिंग आहे, बॉल बॅटला लागल्याचा आवाज टिपणारं स्निको किंवा अल्ट्राएज आहे, चारी बाजूंनी कॅमेरे आहेत, तर मैदानावरच्या अंपायरला ठेवायचंच कशाला, सरळ सगळे निर्णय मशीनने द्यावेत, यात तोटा नक्की कुठे आहे? मी मुंबईच्या मैदानांवर बरीच वर्षं अंपायरिंग करतोय, शाळेच्या मॅचेसपासून लीग क्रिकेटपर्यंत, नवीन अंपायर्सना शिकवतोसुद्धा, त्यामुळे मुख्यतः क्रिकेटबद्दलच लिहितो, बाकी खेळांचं जाता जाता.

आधी एक स्पष्ट करतो, मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला सचिन हा टीव्ही अंपायरने रन-आउट दिलेला पहिला बॅट्समन ठरला, आणि तेव्हापासून रन-आउटचे निर्णय किती सुधारलेत हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे टाकलेल्या पॅडवर बॉल लागला की पूर्वी अंपायर हमखास नॉट आउट द्यायचे, बॉल ट्रॅकिंग बघून बघून आम्हाला कळलं की यातले बरेच बॉल स्टंपवर जातात, आणि फिंगर स्पिनर्सना त्यांच्या हक्काच्या विकेट मिळायला लागल्या. हे फायदे मोठे आहेत. पण "परफेक्ट" निर्णयाच्या मागे लागल्यावर जे गमावलं जातं त्याचा हिशोब कोणी मांडत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान चुकीच्या निर्णयांचं नाहीच आहे, ते अंपायरच्या नजरेचं आहे आणि निर्णय मान्य करायच्या सवयीचं आहे.

पण तिथे जाण्याआधी मशीन काय बघतं ते समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूमध्ये स्क्रीनवर जो बॉल स्टंपवर जाऊन आदळताना दिसतो ना, तो बॉल कधी तिथे गेलेलाच नसतो! कॅमेऱ्यांनी टिपलेला बॉल पॅडपर्यंतचा, त्यापुढचा सगळा मार्ग हा हिशोब असतो, आत्तापर्यंत असा आला म्हणजे पुढे असा गेला असता, एवढंच. आता टप्पा पडल्यावर पॅडपर्यंत बॉलला चांगलं दोन-अडीच मीटर अंतर मिळालं तर हिशोब भरवशाचा, पण यॉर्कर लेंग्थवर टप्पा पडला आणि लगेच बुटावर लागला तर टप्प्यानंतरची माहितीच जेमतेम असते, आणि बॅट्समन क्रीझ सोडून खूप पुढे आला असेल तर पॅडपासून स्टंपपर्यंतचा अंदाजाचा पल्ला लांबतो. मशीन बनवणाऱ्यांना हे माहीत आहे, आयसीसीला माहीत आहे, अंपायर्सना माहीत आहे. प्रेक्षकाला मात्र माहीत नसतं कारण ग्राफिकमध्ये कुठेही धूसरपणा दाखवत नाहीत, स्वच्छ रेष, तीन स्टंप आणि लाल रंग.

२०११ च्या वर्ल्ड कपमधली बंगळुरूची भारत-इंग्लंड टाय मॅच आठवा. युवराजच्या बॉलिंगवर इयान बेलला बिली बाउडनने नॉट आउट दिलं, आपण रिव्ह्यू घेतला, मोठ्या स्क्रीनवर बॉल स्टंपवर जाताना दिसला, बेल तर परत चालायलाही लागला होता, आणि तरी नॉट आउट राहिला, का तर पॅडला बॉल लागला ती जागा स्टंपपासून अडीच मीटरपेक्षा लांब होती आणि तेवढ्या लांबून मशीनचा अंदाज धरू नये असा नियम होता. नियम शहाणपणाचाच होता. पण स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी लाल स्टंप बघितलाय, त्याला तुम्ही काय सांगणार? धोनीनेही मॅचनंतर जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

"अंपायर्स कॉल"ला, म्हणजे बॉल स्टंपला जेमतेम लागताना दिसला की मैदानावरचाच निर्णय कायम ठेवण्याला, शिव्या पडतात त्या याच कारणाने. लोक म्हणतात बॉल स्टंपला लागतोय म्हणजे आउट, यात अंपायरचा कसला कॉल? विराटनेही २०२१ मध्ये यावर उघड टीका केली होती, पण अनिल कुंबळे अध्यक्ष असलेल्या आयसीसीच्या क्रिकेट कमिटीने तो ठेवला, आणि मला विचाराल तर पूर्ण डीआरएसमधला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच आहे, कारण तिथे मशीन कबूल करतं की या पट्ट्यात मला खात्री नाही, ज्याने जवळून बघितलं त्याचं ऐका. आणि हा पट्टासुद्धा काही निसर्गाने आखलेला नाही. २०१६ पर्यंत निम्मा बॉल ऑफ आणि लेग स्टंपच्या मध्यरेषेच्या आत लागायला हवा होता, मग ती हद्द स्टंपच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेली, २०२१ मध्ये उंचीची हद्दही थोडी वर सरकवली. म्हणजे तोच बॉल, तोच मार्ग, आणि एका वर्षी नॉट आउट तर पुढच्या वर्षी आउट. ज्याला आपण परफेक्ट म्हणतो तीही कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरलेली रेष असते, फक्त तिथे माणूस दिसत नाही म्हणून आपण वाद घालत नाही.

वाद घालत नाही असंही नाही म्हणा. जानेवारी २०२२, केपटाउन टेस्ट, अश्विनच्या बॉलवर डीन एल्गारला मरे इरॅस्मसने एलबीडब्ल्यू दिला, रिव्ह्यूमध्ये बॉल स्टंपच्या वरून जाताना दाखवला, आणि खुद्द इरॅस्मस "हे अशक्य आहे" असं म्हणताना ऐकू आला. पुढे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, आपले खेळाडू स्टंप माईकजवळ जाऊन ब्रॉडकास्टरला बोल लावायला लागले. यातली गंभीर गोष्ट बघा. अंपायर चुकला तर अंपायर चुकला, माणूस समोर असतो, त्याचा मॅच रेफ्रीकडे रिपोर्ट जातो, त्याच्या मार्कांवर, पुढच्या नेमणुकांवर परिणाम होतो. मशीनवर शंका आली की शंका थेट हेतूवर जाते, कुठल्यातरी खोलीत बसलेल्या ऑपरेटरवर, चॅनलवर, यजमान बोर्डावर. चूक समजून घेता येते, कारस्थान मात्र कोणी विसरत नाही.

आता आवाजाचं घ्या. लोकांना वाटतं स्निको म्हणजे आवाजाच्या रेषेत स्पाइक, म्हणजे टोक आलं तर कट लागली, म्हणजे बॉल बॅटच्या कडेला लागला, नाही आला तर नाही लागली. एकाच सिरीजमधली दोन उदाहरणं देतो. नोव्हेंबर २०२४, पर्थ, केएल राहुल २६ वर खेळतोय, स्टार्कच्या बॉलवर कॉट बिहाइंडचं अपील, मैदानावर नॉट आउट. रिव्ह्यूमध्ये स्पाइक आला, पण त्याच सुमारास बॅट पॅडलाही घासत होती, आणि समोरून बघायला हवा होता तो अँगल थर्ड अंपायर रिचर्ड इलिंगवर्थना मिळालाच नाही. आउट दिला. मग डिसेंबरच्या शेवटी मेलबर्न, जैस्वाल ८४ वर, कमिन्सच्या बॉलवर मैदानावर नॉट आउट, रिव्ह्यूमध्ये स्निकोची रेष सपाट, पण बॉलने दिशा बदललेली डोळ्याला दिसत होती, आणि थर्ड अंपायर शरफुद्दौलांनी मशीन बाजूला ठेवून डोळ्यावर विश्वास ठेवला, आउट दिला. मला विचाराल तर मेलबर्नचा निर्णय बरोबर होता आणि धाडसी होता. पण सामान्य प्रेक्षकाच्या नजरेने बघा, महिन्याभरापूर्वी स्पाइक आहे म्हणून आउट आणि आता स्पाइक नाही तरी आउट! त्याचा विश्वास कशावर बसणार? त्यानंतरच्या वर्षी डिसेंबरमध्येच अ‍ॅशेसच्या अ‍ॅडलेड टेस्टमध्ये अ‍ॅलेक्स केरीला कट लागली असताना तो वाचला, आणि नंतर स्निको चालवणाऱ्या कंपनीनेच मान्य केलं की बहुतेक ऑपरेटरने चुकीच्या टोकाचा स्टंप माईक निवडला होता. म्हणजे माणसाची चूक काढून टाकायला आणलेल्या यंत्रणेत माणसाची चूकच झाली, फक्त ती अंपायरच्या जागेवरून उठून कन्सोलवर जाऊन बसली, जिथे ती तुम्हाला दिसत नाही.

कॅच आणि रन-आउटबद्दल थोडं हिशोबाने सांगतो. साधारण ब्रॉडकास्ट कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो असं धरा, बॅट्समन सेकंदाला ७ मीटर वेगाने धावतोय, तर दोन फ्रेमच्या मध्ये तो १४ सेंटिमीटर पुढे सरकतो. बेल उडाली तो नेमका क्षण या दोन फ्रेमच्या मध्ये असेल तर तुम्ही कितीही झूम करा, माहितीच नाहीये तिथे. मोठ्या मॅचेसना जास्त वेगाचे कॅमेरे असतात त्यामुळे तिथे हे अंतर खूप कमी होतं, पण शून्य कधीच होत नाही. जमिनीलगतच्या कॅचचं त्याहून वाईट, लांबून झूम केलेल्या लेन्समध्ये खोली चपटी होते, बोटं बॉलच्या खाली असली तरी बॉल गवताला टेकल्यासारखा दिसतो, आणि तेच स्लो मोशनमध्ये दहा वेळा दाखवलं की स्वच्छ कॅचही संशयास्पद वाटायला लागतो. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला सूर्यकुमारचा मलानने घेतलेला कॅच आठवत असेल, सॉफ्ट सिग्नल, म्हणजे थर्ड अंपायरकडे पाठवताना मैदानावरच्या अंपायरने दिलेलं मत, आउट होता, रिप्लेमध्ये बॉल टेकल्यासारखा दिसत होता, पण निर्णय फिरवण्याइतका ठोस पुरावा नाही म्हणून आउट कायम. इतका गदारोळ झाला की २०२३ मध्ये सॉफ्ट सिग्नलच काढून टाकला. मग त्याच वर्षीच्या टेस्ट चॅम्पियनशिप फायनलमध्ये गिलचा ग्रीनने घेतलेला कॅच, सॉफ्ट सिग्नल नाही, पूर्ण निर्णय थर्ड अंपायरचा, आणि वाद तेवढाच.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो, अंपायरची नजर.

वेगवान बॉलर १३० च्या स्पीडने टाकतो तेव्हा हातातून सुटल्यापासून बॅट्समनपर्यंत बॉल पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतं. त्या वेळात आम्ही काय करायचं असतं, तर आधी पुढचा पाय कुठे पडला ते बघायचं, मग मान न हलवता नजर उचलून टप्पा धरायचा, टप्पा लेग स्टंपच्या बाहेर आहे का, पॅडला कुठे लागला, किती उंचीवर, बॅट आधी का पॅड आधी, आणि या सगळ्यात कान उघडे ठेवायचे. कट लागल्याचा आवाज टणक असतो आणि एकदाच येतो, पॅडला बॅट घासली तर आवाज पसरट, बॅटचं हँडल कुरकुरतं त्याचा वेगळा, शर्टाला बॉल लागला तर अगदी मऊ. मुंबईची कांगा लीग पावसाळ्यात चालते, विकेट ओली, एक बॉल घोट्याला तर पुढचा छातीवर, बाजूला आझाद मैदानावर दुसऱ्या मॅचचे फिल्डर आपल्या स्क्वेअर लेगला येऊन उभे, त्यांचीही अपील्स कानावर येतायत, तिथे हा कान तयार होतो. हे पुस्तकातून येत नाही, रोज निर्णय देऊन येतं, आणि आपला निर्णय शेवटचा आहे हे माहीत असल्यामुळे येतं.

शेवटचा नसेल तर काय होतं त्याचं उदाहरण नो-बॉलचं आहे. विकेट पडली की थर्ड अंपायर पाय तपासणारच आहे हे ठरल्यावर मैदानावरचे अंपायर पुढच्या पायाकडे बघायचे हळूहळू कमी झाले. जाणूनबुजून नाही, मन असंच चालतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया-पाकिस्तान टेस्टमध्ये तिथल्या चॅनलने मोजून दाखवलं, एका दिवसाच्या दोन सेशनमध्ये २१ नो-बॉल न देता सुटले. उपाय काय काढला, तर २०२० पासून पुढच्या पायाचं कामच टीव्ही अंपायरकडे दिलं. नो-बॉलपुरता तो उपाय चांगला आहे, कारण ती सरळ रेषेची गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. पण क्रम लक्षात घ्या, आधी मशीन आधाराला आलं, मग माणसाची सवय गेली, मग सवय गेली म्हणून काम काढून घेतलं. उद्या हाच क्रम कट आणि एलबीडब्ल्यूच्या बाबतीत लागला तर मैदानावर उभा राहणारा माणूस फक्त टोप्या सांभाळायला आणि ओव्हरचे बॉल मोजायला राहील. टेनिसमध्ये याची झलक दिसलीच. २०२५ ला विम्बल्डनने लाइन जज पूर्ण काढले, आणि त्याच वर्षी पाव्हल्युचेन्कोव्हा आणि कार्टलच्या मॅचमध्ये कोर्टाच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली. बॉल स्पष्ट बाहेर, यंत्रातून आवाज नाही, आणि चेअर अंपायरने पॉइंट परत खेळायला लावला. मॅचनंतर पाव्हल्युचेन्कोव्हाने सांगितलं की अंपायरने तिच्याशी बोलताना मान्य केलं, त्यालाही बॉल बाहेर वाटला होता. दिसत होतं, पण बोलला नाही. मला या पूर्ण विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी घटना हीच वाटते, कारण त्या अंपायरचे डोळे शाबूत होते, गेली होती ती डोळ्यांवर निर्णय द्यायची हिंमत.

आणि कॅमेरा नसलेल्या क्रिकेटचं काय? जगात खेळलं जाणारं बहुतेक सगळं क्रिकेट कॅमेऱ्याशिवाय आहे. २०२२ ची मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश रणजी फायनल, देशातल्या सगळ्यात मोठ्या डोमेस्टिक स्पर्धेची फायनल, डीआरएसशिवाय झाली! तर शाळेच्या मॅचला कुठून येणार. पण मुलं बघतात आयपीएल. चौदा वर्षांखालच्या मॅचमध्ये मुलाला एलबीडब्ल्यू दिला की तो हाताने टी करून दाखवतो, तिथे रिव्ह्यू नाही हे त्याला माहीत असतं, तरी दाखवतो, आणि टेंटमधून कोणीतरी वडील मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घेऊन लंच टाइमला येतात. मिडविकेटच्या कोपऱ्यातून काढलेला असतो तो, तिथून टप्पा लाइनमध्ये आहे की नाही हे देवालासुद्धा सांगता येणार नाही. टेनिस बॉलच्या टूर्नामेंट्समध्ये तर आता यूट्यूब लाइव्ह असतं, ठाणे-रायगडकडे गावोगावी, कॅमेरा बॉलरच्या मागे परांचीवर बांधलेला, आणि रन-आउटचं अपील झालं की दोन्ही टीम म्हणतात "लाइव्हवर चेक करा". त्या कॅमेऱ्यातून खोली कळत नाही, क्रीझ आणि बॅट एकावर एक चपट्या दिसतात, बॅट आत आहे की बाहेर हे कळूच शकत नाही. स्क्वेअर लेगचा अंपायर क्रीझच्या रेषेत उभा होता, त्याने समोरून बघितलंय. तरी मोबाइलची स्क्रीन जिंकते. तरुण अंपायर अशा तीन-चार स्पर्धा केल्या की बोट वर करायला घाबरायला लागतो, संशयाचा फायदा म्हणून सगळंच नॉट आउट द्यायला लागतो, आणि त्यात बॉलर मरतो. मला शिकायला येणाऱ्या पोरांमध्ये हे दर वर्षी वाढताना दिसतंय, नियम तोंडपाठ, पेपरला उत्तम मार्क, आणि मैदानावर अपील झालं की नजर आधी पार्टनरकडे.

रिव्ह्यूचा मूळ हेतूही हरवलाय. तो ढळढळीत चुकांसाठी होता, पॅडला लागण्याआधी जाडजूड कट आहे आणि एलबीडब्ल्यू दिला, अशांसाठी. आता तो डावपेचाचा भाग आहे, मोठा बॅट्समन असेल तर "घेऊन बघू", शेवटची विकेट असेल तर "उरलाय तर वापरू". मग खरी गरज असते तेव्हा हातात नसतो. २०१९ ला हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाने लीचविरुद्ध लेग स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या बॉलवर शेवटचा रिव्ह्यू घालवला, आणि पुढच्याच ओव्हरला लायनच्या बॉलवर स्टोक्स समोर सापडला, जोएल विल्सनने नॉट आउट दिलं, ट्रॅकिंगमध्ये बॉल स्टंपवर, रिव्ह्यू शिल्लक नाही. इंग्लंड एका विकेटने जिंकलं. म्हणजे न्याय मिळणार की नाही हे कॅप्टनच्या खात्यात रिव्ह्यू उरलाय का त्यावर ठरतं. ही व्यवस्था न्यायाची आहे असं मला तरी वाटत नाही, हा खेळातला आणखी एक खेळ आहे.

कधी कधी यंत्र खेळातच ढवळाढवळ करतं. २०१९ च्या वर्ल्ड कपला दिवे लागणाऱ्या बेल्स वापरल्या, आणि पुन्हा पुन्हा असं झालं की बॉल स्टंपला लागला पण बेल पडली नाही. बुमराहच्या बॉलवर वॉर्नर असाच वाचला, कोहली आणि फिंच दोघांनीही त्यावर जाहीरपणे नाराजी सांगितली. विकेट पडल्याचा क्षण अचूक दिसावा म्हणून आणलेल्या वस्तूमुळे विकेटच पडत नाही असा संशय दोन्ही कॅप्टनना यावा, यापुढे काय बोलायचं.

फुटबॉलमध्ये तर दोन प्रसंग पुरेत. जून २०२० ला अ‍ॅस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड मॅचमध्ये व्हिलाचा गोलकीपर बॉल घेऊन सरळ गोललाइनच्या आत गेला, गोललाइन यंत्रणेचे सातही कॅमेरे खेळाडू आणि गोलपोस्टमुळे झाकले गेले होते, रेफ्रीच्या घड्याळावर सिग्नल आला नाही, गोल नाही. त्या एका पॉइंटवर व्हिला प्रीमियर लीगमध्ये टिकले आणि बोर्नमथ बाहेर गेले. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा ऑफसाइड नसलेला गोल नाकारला गेला, कारण व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ रेफ्रीच्या, खोलीत बसलेल्यांना वाटलं की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून त्यांनी "चेक पूर्ण" सांगून टाकलं. रेषा बरोबर आखली होती, कॅमेरा बरोबर होता, बोलण्यात घोटाळा झाला.

मग करायचं काय? माझं मत असं. रेषेचे प्रश्न, म्हणजे रन-आउट, स्टंपिंग, पुढच्या पायाचा नो-बॉल, बाउंड्रीची दोरी, हे मशीनकडे राहू देत. अंदाजाचे प्रश्न, म्हणजे एलबीडब्ल्यू, त्यात अंपायर्स कॉल कायम ठेवा, आणि ग्राफिकमध्ये एका स्वच्छ बॉलऐवजी बॉल जाऊ शकला असता तो पूर्ण पट्टा दाखवा, म्हणजे प्रेक्षकाला कळेल की शंका कुठे आहे. जमिनीलगतच्या कॅचला मैदानावरच्या अंपायरचं मत पहिलं धरा, सॉफ्ट सिग्नल काढला ही चूक झाली असं मी म्हणतो, लोकांना ते आवडणार नाही, चालेल. कॅप्टनचे रिव्ह्यू टेस्टला तीनवरून परत दोन करा. स्निको आणि ट्रॅकिंग चालवणारे ऑपरेटर ब्रॉडकास्टरच्या पगारावर नकोत, आयसीसीच्या हवेत, आणि अंपायरसारखंच त्यांचंही नाव मॅचच्या अधिकाऱ्यांमध्ये लिहिलं जावं.

खालच्या स्तरावर मात्र उलटं करा. शाळेच्या आणि लीगच्या मॅचेसमध्ये व्हिडिओ निर्णयासाठी अजिबात नको, मॅच संपल्यावर अंपायरच्या शिक्षणासाठी हवा. मी माझ्याकडच्या पोरांना नेट्समध्ये बॉलरच्या टोकाला उभं करतो, मागे स्टंपच्या सरळ रेषेत एक मोबाइल स्टँडवर लावतो, प्रत्येक बॉलला ते मोठ्याने सांगतात टप्पा कुठे, लागला कुठे, आउट का नाही, आणि व्हिडिओ आम्ही प्रॅक्टिस संपल्यावर बघतो, मधे नाही. मधे बघायची परवानगी दिली की दोन ओव्हरमध्ये ते बॉलकडे बघायचं सोडून स्क्रीनची वाट बघायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून आता मोबाइलची स्क्रीन झाकून ठेवायला लावतो आणि रेकॉर्डिंग चालू आहे की नाही तेवढंच एकदा सुरुवातीला तपासतो.